पाचव्या खणातली डिस्क

शाळेतल्या मुलांसाठी त्यांच्या बोलीत धडे करणाऱ्या एका लहान संस्थेची खोली तापीकाठच्या एका गावात होती, शहाद्यापासून फार लांब नाही. खोली ज्यांनी दिली ते संस्थेचे अध्यक्ष. केळी आणि ऊस करणारे शेतकरी, गुजर घराण्यातले. सगळा परिसर त्यांना अण्णा म्हणत असे. खोली पूर्वी खतांच्या गोण्या ठेवण्यासाठी वापरली जात होती. तिला नवी फरशी आणि खिडकीला जाळी बसवली गेली, आणि एका लोखंडी कपाटात सर्व्हर आला. खत हलले, वास राहिला.

वर्तमानपत्राच्या डेस्कवरून निवृत्त झाल्यावर माझे काम त्या खोलीत सुरू झाले. काम साधे होते. मोलगीकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या एक शिक्षिका पहिलीच्या मुलांसाठी भिली बोलीत ध्वनिधडे तयार करत होत्या. त्या स्वतः त्याच डोंगरातल्या. घरात भिली, शाळेत मराठी, आणि पहिली-दुसरीत काहीच न कळता गप्प बसून काढलेली दोन वर्षे, हा त्यांचा स्वतःचा अनुभव. आपल्या वर्गातल्या मुलांवर ती वेळ येऊ नये म्हणून त्या बाजारात, ओट्यावर, शेतावर माणसांना बोलते करून ध्वनिमुद्रण करत. त्यातले शब्द आणि वाक्ये घेऊन धडा बांधत. आधी भिली, मग तेच मराठीत. माझ्याकडे मराठी बाजू तपासणे आणि ध्वनिमुद्रणातले नको ते काढून टाकणे एवढेच होते. कोंबड्यांचे आवाज काढायचे नाहीत, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

ध्वनिमुद्रणाची मूळ कार्डे पुन्हा पुन्हा वापरली जात. कार्ड भरले की ते खोलीत येई, त्यातले सगळे सर्व्हरवर उतरे, आणि कार्ड कोरे होऊन परत डोंगरात जाई. पहिल्या काही वर्षांच्या कामाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर होती. ती डिस्क भरली. दुसरी घेण्याचे समितीत ठरले होते, शाळा सुरू झाल्यावर घेऊ असे. गावातले इंटरनेट कधी असे, कधी नसे. तेवढ्यावर एवढे मोठे साहित्य बाहेर पाठवणे शक्य नव्हते. त्यामुळे अलीकडच्या दोन वर्षांचे सगळे काम त्या लोखंडी कपाटातच होते.

सर्व्हर बसवणारा इंजिनिअर शहाद्याचा. त्याचे दुकान बसस्थानकाजवळ, आणि तो बोलतो भरपूर. मशीन बसवताना त्याने समितीला रीतसर समजावले होते. पाच खण आहेत. चार खणांतल्या चार डिस्क मिळून काम करतात. साठवलेले चौघींत असे वाटलेले असते की एक बिघडली तरी उरलेल्या तिघींवरून तिच्यात काय होते ते काढता येते. पण एक गेली आणि तिची जागा भरली जाण्याआधी दुसरीही गेली, तर काही उरत नाही. म्हणून पाचवी. ती काम करत नाही. तिच्यात काही नसते. फक्त चालू राहून वाट पाहते. चौघींतली एखादी गेली की कोणी हात न लावता मशीन पाचवीला कामाला लावते आणि गेलेल्या डिस्कमधले सगळे तिच्यात नव्याने भरते. माणूस झोपलेला असो, शेतावर असो, लग्नाला गेलेला असो.

"पण ही म्हणजे दुसरी प्रत नव्हे," असेही त्याने सांगितले होते. "चुकून पुसलं, आग लागली, तर ही काही करू शकत नाही. ही फक्त डिस्क मेली तर आहे."

मग त्याने खटका दाबून पाचवी डिस्क मशीन चालू असतानाच अलगद बाहेर काढून दाखवली, आणि परत आत सरकवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. अण्णांनी विचारले होते, "म्हंजे राखीव मोटार?"

"तसंच समजा, अण्णा," इंजिनिअर म्हणाला होता.

हे वाक्य त्याने बोलायला नको होते, असे तो स्वतः नंतर म्हणाला.

तापीकाठच्या त्या पट्ट्यात राखीव मोटारीची एक रीत आहे. मे महिन्यात केळीच्या बागेला पाणी चुकले तर पाने लोंबतात, झाडे मोडतात. मोटार जळण्याचा काळही तोच, कारण ती तेव्हाच सर्वात जास्त चालते. म्हणून चार-पाच शेतकऱ्यांच्या मिळून एकाकडे एक जादा मोटार ठेवलेली असते. ज्याची जळेल तो ती घेऊन जातो. विचारावे लागत नाही. घरात कोणी असेल तर सांगून जायचे, नसेल तर शेजारी निरोप ठेवायचा. आपली मोटार भरून आली की जादाची जागेवर आणून ठेवायची, आणि ती चालवताना बिघडली असेल तर तीही भरून आणायची. मोटार भरणे म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी गुंडाळणे. ही मोटार अण्णांच्या घरी असे. राखीव मोटार मागितल्यावर नाही म्हटलेला माणूस त्या भागात माझ्या तरी ऐकण्यात नाही.

मेच्या एका सकाळी खोलीत शिरल्यावर मशीन वाजत होते. सलग, एकाच सुरात. मोलगीच्या शाळेतल्या शिक्षिकांची बदली झालेली होती. जूनमध्ये त्यांना डोंगराखालच्या मैदानी भागातल्या शाळेवर हजर व्हायचे होते, आणि त्याआधी उरलेले धडे पुरे करायचे म्हणून त्या सुट्टीतही गावीच थांबल्या होत्या. त्यांनी आदल्या आठवड्यात पाठवलेली कार्डे नुकतीच उतरवून झाली होती आणि कोरी करून परतही गेली होती. मशीनचा आवाज ऐकताना पहिल्यांदा तेच आठवले.

इंजिनिअरला फोन लागला.

"लाल दिवा कोणत्या खणाला?"

"तिसऱ्या."

"मग काळजी नको, सर. ती मेली. पाचवी आपोआप लागली असेल. पाचव्याचा दिवा बघा, हिरवा लुकलुकतो का?"

कपाटाच्या पुढच्या बाजूला धुळीसाठी कापडाचा पडदा होता. अण्णांच्या घरातून शिवून आलेला, फुलाफुलांचा. मशीनचे वरचे तीन खण त्याच्या वर दिसत, खालचे दोन त्याच्यामागे झाकलेले. पडदा बाजूला केला. चौथ्या खणात डिस्क होती. पाचवा खण रिकामा होता. नुसते चौकोनी भोक, आत थोडी धूळ.

"सर? लुकलुकतो का?"

"पाचवी नाही."

"दिवा नाही?"

"डिस्क नाही."

 मग तो म्हणाला, "मी निघालो. कशालाही हात लावू नका. बंद करू नका."

अण्णा केळीच्या बागेत होते. निरोप गेल्यावर मोटारसायकलवर आले, पायाला ओला चिखल. मशीनचा आवाज ऐकून त्यांनी आधी मागे हात घालून एक बटण दाबले. आवाज थांबला. ते बटण त्यांना कसे माहीत, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पण आधी डिस्कबद्दल विचारले गेले.

"ती?" अण्णा म्हणाले. "ती मी डॉक्टरले दिधी."

"डॉक्टरला?"

"त्याना एक्सरेना मशीननी डिस्क जळी गयी ना. नवी येवाले आठ दिन लागनार व्हतात. आपली रिकामीच बठेल व्हती. मी काढी लई गऊ."

म्हणजे डॉक्टरच्या एक्सरे मशीनची डिस्क गेली, नवी यायला आठवडा होता, आणि आपली रिकामी बसलेली दिसली म्हणून अण्णांनी ती काढून नेली. डॉक्टर त्यांच्याच गावचा, त्यांच्याच नात्यातला, तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना चालवणारा. अण्णांनी डिस्क गमछ्यात गुंडाळून मोटारसायकलच्या डिकीत घालून नेली होती. कोणाला सांगण्याची गोष्ट आहे असे त्यांना वाटले नव्हते. राखीव मोटार दिल्यावर कोणी सभा बोलावत नाही.

"काढली तेव्हा मशीन वाजलं नाही?"

"वाजनं ना. मांगे बटन शे, ते दाबं. गप व्हयनं."

इंजिनिअर पोहोचला तेव्हा त्याचा चेहरा आधीच उतरलेला होता. त्याने लॅपटॉप जोडला, पडद्यावर बराच वेळ पाहिले आणि अण्णांना समोर बसवले. त्याच्या आवाजात राग नव्हता. अण्णांशी कोणी रागाने बोलत नाही. त्यांनी ज्याला कधी काही दिलेले नाही असा माणूस त्या भागात शोधावा लागेल.

"अण्णा, ती डिस्क आते डॉक्टरनी व्हयनी."

"अशी कशी? मोटार काढतस नं, तशी काढी लई येवाले काय व्हस?"

"मोटारमा पानी ऱ्हास नही. डिस्कमा ऱ्हास." तो मग अहिराणी सोडून मराठीवर आला, गंभीर काही सांगायचे असले की तो मराठीत बोले. "तुमची मोटार दुसऱ्याच्या विहिरीतून काढली तर त्याचं पाणी विहिरीतच राहतं. ही काढली तर डॉक्टरच्या पेशंटचे एक्सरे जातील. आणि आपल्या मशीनला ती काही उपयोगाची नाही, असं नाही, उपयोगाची आहे. पण मग डॉक्टर बुडतो."

 अण्णांनी गमछ्याने तोंड पुसले. मग म्हणाले, "मंग मन्हं चुकनं."

"चुकलं ते मी 'राखीव मोटार' म्हटलं तिथंच," इंजिनिअर म्हणाला.

नवी डिस्क नाशिकहून येणार होती आणि तिला दोन-तीन दिवस लागणार होते. तेवढे दिवस मशीन तीन डिस्कवर चालायचे होते. ते चालले असते. पण इंजिनिअरने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. दुसऱ्या खणातली डिस्क वाचताना अडखळत होती. चारही एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच खोलीत एकाच उन्हाळ्यात तापलेल्या. एक गेली की दुसरीच्या जाण्याची शक्यता वाढते, असे तो म्हणाला. बंद करून वाट पाहावी, तर गरम असलेल्या जुन्या डिस्क थंड झाल्यावर परत फिरतीलच याचा भरवसा नाही. चालू ठेवावे, तर प्रत्येक तास दुसरीवर ताण.

"चालू ठेवू," तो म्हणाला. "आणि माझ्या बाहेरून जोडायच्या मोठ्या डिस्कवर उतरवून घेऊ. एकेक करून. पण कुठपर्यंत उतरेल ते माझ्या हातात नाही. म्हणून जे सगळ्यात आधी वाचवायचं ते आधी. मॅडमना बोलवा."

शिक्षिकांना फोन लागायला वेळ लागला. त्यांच्या पाड्यावर टेकडीवर चढल्याशिवाय रेंज मिळत नाही. त्या जीपने मोलगीहून निघाल्या, पुढे बसने शहादा, आणि तिथून अण्णांच्या पुतण्याच्या गाडीने खोलीवर दुपारी आल्या. त्या येईपर्यंत अण्णांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे शेतावरचा जनरेटर ट्रॅक्टरला जोडून दारात आणून उभा केला, कारण दुपारी वीज जाण्याची वेळ ठरलेली होती आणि मशीनच्या बॅटरीवर त्यांचा विश्वास नव्हता. दुसरी म्हणजे घरातला मोठा कूलर टाकीत पाणी भरून खोलीत आणला.

"मशीनले घाम फुटना व्हई," ते म्हणाले.

"पानीवाला कूलर नको, अण्णा. मशीनले सर्दी व्हई," इंजिनिअर म्हणाला. त्या दिवशी खोलीत पहिल्यांदा कोणी हसले. कूलरमधले पाणी काढून नुसती हवा सोडली गेली.

मग अण्णा डॉक्टरकडे गेले. डिस्क परत मागायला नाही. ते त्यांना कळले होते. पण काय झाले ते डॉक्टरला सांगायला हवे, असे ते म्हणाले.

शिक्षिका खोलीत आल्या, पाणी प्यायल्या, आणि इंजिनिअरने काय झाले ते थोडक्यात सांगितले.  शेवटी त्याने विचारले, "आधी काय घेऊ?"

माझा अंदाज असा होता की शिक्षिका म्हाताऱ्या माणसांची ध्वनिमुद्रणे आधी मागतील. त्यांतले काही आता बोलू शकत नव्हते, एक-दोन हयात नव्हते. डेस्कवर तीस वर्षे बसलेल्या माणसाला मूळ कागद आधी आणि छापलेले नंतर, असे वाटणे साहजिक आहे. मूळ हाती असले की बातमी परत लिहिता येते.

"तयार धडे आधी," त्या म्हणाल्या.

"मूळ रेकॉर्डिंग नाही?"

"सर, जूनमध्ये मी नसणार. माझ्या जागी जो येईल त्याला भिली येईल की नाही माहीत नाही. तो मूळ रेकॉर्डिंग ऐकून धडा बांधणार नाही. पण तयार धडा असेल तर स्पीकर चालू करेल. पहिलीतली मुलं तेवढ्याने हसतील तरी." मग त्या म्हणाल्या, "म्हाताऱ्यांनी मला मुलांसाठीच सांगितलंय. मुलांचं आधी."

तयार धडे उतरू लागले. पडद्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरके, मधूनच थांबे, आणि परत सरके.   वीज गेली, जनरेटर लागला, त्याचा धडधडाट गावभर ऐकू गेला असावा, कारण शेजारच्या दोन बायका काय झाले ते बघायला दारात येऊन गेल्या. त्यांना कोणीतरी सांगितले, मशीन आजारी आहे. त्यांतली एक परत आली ती ताकाचा तांब्या घेऊन. ताक मशीनसाठी नव्हते हे तिला बहुधा माहीत होते.

तयार धडे सुखरूप उतरले. मग अर्धवट धडे. मग मूळ ध्वनिमुद्रणे, शिक्षिकांनी सांगितलेल्या क्रमाने: जे पुन्हा सांगू शकणार नाहीत ते आधी, जे सांगू शकतील ते शेवटी. हा क्रम त्यांनी न अडखळता सांगितला. कोण कुठे आहे, कोण कसे आहे, कोण आता मुलाकडे गुजरातेत राहायला गेला आहे, हे त्यांना पाठ होते. उतरवणे तिथे मंदावले. दुसऱ्या खणातली डिस्क जास्त अडखळू लागली होती.

दुपार कलल्यावर अण्णांचा फोन आला. ते डॉक्टरकडून बोलत होते आणि फोन त्यांनी डॉक्टरच्या हातात दिला.

"सर, मला वाटलं तुमच्याकडे अजून जादा असतील," डॉक्टर म्हणाला. "अण्णांनी आणून दिली, मी लावली. माझी जुनी पूर्ण मरायच्या आत सगळे एक्सरे तिच्यावर उतरले आणि वाचले, हे खरं आहे. पण ऐका. मी नवी मागवली होती. सुरतेहून. माझ्या मशीनसाठी नाही, माझं काम भागलं होतं. तुम्हाला परत द्यायची म्हणून. मोटार घेतली तर भरून परत करायची ना? मग डिस्क परत करता येत नाही तर नवीच द्यायला हवी. ती आज येतेय. सुरतेच्या बसमध्ये आहे. ड्रायव्हरशी बोललोय."

इंजिनिअरने फोन घेतला आणि डिस्कचा प्रकार, आकार, जोडणी सगळे विचारून घेतले. "आमच्यापेक्षा मोठी," तो म्हणाला. "चालेल. मोठी चालते, लहान चालत नाही."

रस्त्याने येणाऱ्या बसची वाट पाहण्याचा माझा अनुभव दांडगा आहे. डेस्कवर असताना तालुक्यांतून बातम्यांची पाकिटे आणि छायाचित्रे एसटीच्या ड्रायव्हरकडे देऊन येत. बस उशिरा आली तर पान उशिरा जाई. पण त्या पाकिटांत पुन्हा मिळवता येणार नाही असे फारसे काही नसे. त्या दुपारी अण्णा बसस्थानकावर उभे होते, आणि दर थोड्या वेळाने फोन करून बस कुठे पोहोचली ते सांगत होते. नवापूरहून सुटली. नंदुरबारला आली. नंदुरबारला ड्रायव्हर चहा प्यायला उतरला आहे. यावर अण्णांनी ड्रायव्हरबद्दल जे मत दिले ते इथे लिहिण्याजोगे नाही.

ऊन उतरले तेव्हा ते आले. खोका दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. या वेळी मोटारसायकलच्या डिकीत ठेवला नव्हता. पुतण्या गाडी चालवत होता आणि अण्णा मागे बसून खोका मांडीवर घेऊन आले होते. त्यांनी तो इंजिनिअरच्या हातात दिला आणि बाजूला झाले. पाचव्या खणाकडे पाहिलेही नाही.

डिस्क खणात सरकली. खटका बसला. काही क्षण काहीच झाले नाही. मग हिरवा दिवा लागला, विझला, लागला, आणि लुकलुकत राहिला.

"घेतली," इंजिनिअर म्हणाला. "मशीनने घेतली."

मेलेल्या तिसरीतले सगळे आता उरलेल्या तिघींवरून काढून पाचवीत भरले जात होते. हे काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालणार होते, आणि तेवढ्यात दुसरी गेली तर उपयोग नव्हता. इंजिनिअर घरी जाऊन सकाळी परत आला. शिक्षिका अण्णांच्या घरी राहिल्या. अण्णांच्या पत्नीने त्यांना सांगितले म्हणे की आमच्या माणसाने तुमचं काम बुडवलं असतं तर मी त्याला वर्षभर भाकरी दिली नसती. अण्णांनी हे सकाळी स्वतःच सगळ्यांना सांगितले, जरा अभिमानाने.

दुपारी काम पूर्ण झाले. दुसरीने तग धरला. तिला त्यानंतर आठवडाभराने नाशिकहून आलेली नवी डिस्क बसवून निवृत्त केले गेले.

एक ध्वनिमुद्रण मात्र गेले. तिसरीतला तो भाग नव्याने काढायला दुसरीवरचे वाचावे लागणार होते, आणि दुसरीवरचा नेमका तेवढा भाग वाचता आला नाही. इंजिनिअरने दोन-तीन प्रकारे प्रयत्न केले. फाईल होती, उघडत नव्हती. मोलगीच्या आठवडी बाजारात आमचूर विकणाऱ्या एका बाईचे ते बोलणे होते. कच्चा आंबा सोलण्यापासून फाका खडकावर वाळवण्यापर्यंत. फाक ओली असताना तिला एक शब्द, अर्धी वाळल्यावर दुसरा, पूर्ण वाळल्यावर तिसरा. धडा अजून बांधायचा होता. शिक्षिकांनी तिला यादीत शेवटी ठेवले होते, कारण ती धडधाकट होती आणि पुन्हा सांगू शकणार होती.

समितीची बैठक झाली. वेगळ्या प्रतीची डिस्क शाळा सुरू होण्याची वाट न पाहता घ्यायची ठरली, आणि ती घेतली गेली. ती आता महिन्यातून एकदा दुसऱ्या गावी जाते. पडद्याचे कापड कापून वर घेतले, म्हणजे पाचही दिवे दिसतात. पुढे इंजिनिअर म्हणाला की राखीव डिस्कच्या खणावर कुलूप लावावे. अण्णांनी मान हलवली.

"कुलूप नको. दोन लेवा." मग त्यांनी समजावून सांगितले. एक डिस्क मशीनमध्ये बसेल आणि तिला कोणी हात लावणार नाही, ते स्वतःही नाही. दुसरी त्यांच्या घरी कपाटात राहील, मोटारीशेजारी. ज्याची जळेल त्याने ती न्यावी. "मशीननी ती मशीननी. कपाटमानी ती गावनी."

इंजिनिअर म्हणाला की हे बरोबर आहे. मोठ्या ठिकाणीही असेच करतात, फक्त तिथे ती कोणाला देत नाहीत. तेव्हापासून अण्णांच्या कपाटातली डिस्क दोनदा बाहेर गेली आहे, एकदा एका पतसंस्थेत आणि एकदा पुरुषोत्तमनगरच्या एका छायाचित्रकाराकडे. दोन्ही वेळा तिच्या जागी नवी आली. देताना अण्णा आता इंजिनिअरला फोन करतात. मागणाऱ्याला ते नाही म्हणत नाहीत, पण "कोणत्या आकाराची?" असे विचारतात, आणि हा प्रश्न विचारताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

त्या दिवसाबद्दल पुष्कळांचे आभार मानायचे राहिले. सुरतेच्या बसच्या ड्रायव्हरचे तर नावही कोणाला माहीत नाही. अण्णांचे आभार मानले की ते चिडतात. त्यांच्या मते ज्याने खड्डा केला त्यानेच तो बुजवला, यात आभाराचे काय? हा हिशेब बरोबर नाही. डिस्क देण्याची रीत नसती तर खण रिकामा झाला नसता, हे खरे. पण परत देण्याची रीत नसती तर डॉक्टरने सुरतेहून काही मागवलेही नसते. रीत एकच आहे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात शिक्षिका आणि मी मोलगीच्या बाजाराला गेलो. आमचूरवाली बाई नेहमीच्या जागी होती, समोर फडक्यावर तपकिरी फाकांचा ढीग. शिक्षिका तिच्याजवळ बसल्या आणि रेकॉर्डर पुढे धरून भिलीत काही बोलल्या. बाईने फाका निवडणे थांबवले आणि त्यांच्याकडे पाहिले.

तिने काय म्हटले ते शिक्षिकांनी मला नंतर सांगितले. "मागच्या वेळी एवढं सांगितलं, ते कुठे टाकलंस?"

"मशीनने खाल्लं."

"आंबटसुद्धा खातं का तुझं मशीन?"

शेजारच्या दुकानातल्या बाया हसल्या. तिने पुन्हा सुरुवात केली, या वेळी जरा सावकाश, आणि मध्ये शेजारणींनी दुरुस्त्या सुचवल्या, काही तिने मानल्या, काहींवर ती त्यांच्याशी भांडली. ओल्या आणि अर्ध्या वाळलेल्या फाकेच्या मध्ये आणखी एक शब्द निघाला, जो पहिल्या वेळी आला नव्हता. शिक्षिकांनी तो तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला. बाजारातून निघण्याआधी, जीपमध्ये बसूनच, त्यांनी ते ध्वनिमुद्रण दुसऱ्या कार्डावर उतरवून एक कार्ड माझ्याकडे आणि एक स्वतःकडे ठेवले.

धडा जूनमध्ये शाळेत गेला. शिक्षिका तोपर्यंत मैदानी भागातल्या शाळेवर हजर झाल्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्या शिक्षकाला भिली येत नाही, पण तो स्पीकर चालू करतो, आणि पहिल्याच आठवड्यात त्याने फोन करून विचारले की आमचूरच्या धड्यावर मुले सुरुवातीलाच एवढी का हसतात? कारण तिथे बाईचे ते पहिले वाक्य आहे, "ते कुठे टाकलंस?" तपासताना मी ते काढून टाकायचे सुचवले होते. शिक्षिकांनी काढू दिले नाही.